तुकडे कोणी पाडायचे?

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी जो संवादाचा नियम बसवला, तो एका ओळीत मावत होता. ब्राउझरने ‘गेट’ म्हणायचं आणि पुढे हव्या त्या कागदपत्राचं नाव लिहायचं. सर्व्हरने ते पाठवायला लागायचं आणि पाठवून झालं की जोडणी बंद करायची. किती मजकूर येणार आहे, हे आधी सांगायची सोय नव्हती आणि तो संपला, हे सांगायचीही नव्हती. जोडणी बंद झाली म्हणजे मजकूर संपला, असं ब्राउझरने समजून घ्यायचं.

पानभर मजकुरासाठी एवढं पुरत होतं. पण लाइन मध्येच तुटली तरी जोडणी बंदच होते. पूर्ण आलेली फाइल आणि अर्ध्यावर तुटलेली फाइल, घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसत. आज चार-पाच जीबीची फाइल उतरवताना नेटवर्क गेलं, तर ते परत आल्यावर राहिलेला भागच येतो आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. वेबवर ही सोय मुळात नव्हती, ती हळूहळू मिळवावी लागली. मोठी फाइल तुकड्यांत न्यायची तर तुकडा केवढा असावा, आणि ते ठरवायचा अधिकार देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, या प्रश्नाभोवती पुढची तीस वर्षं फिरत राहिली.

वेबच्या आधीच्या मंडळींनी यावर पुष्कळ डोकं खर्च केलं होतं. एमआयटीत शिकणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी. एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याचा एफटीपी हा नियम लिहून काढला. त्याच्या १९८५ च्या आवृत्तीत फाइल ब्लॉकांमध्ये पाठवायची, मध्ये मध्ये खुणा पेरायच्या आणि खंड पडला तर शेवटच्या खुणेपासून पुढे जायचं, अशी तरतूद होती.

त्याहूनही बोलकं उदाहरण शिकागोचं आहे. तिथे आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून घरगुती संगणकांत फाइल पाठवण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यातली पद्धत पुढे एक्समोडेम या नावाने जगभर गेली. तिचा एक तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे. आधी सुरुवातीच्या खुणेचा एक बाइट, मग तुकड्याचा क्रमांक, मग तोच क्रमांक २५५ मधून वजा करून, त्यानंतर १२८ बाइट मजकूर आणि शेवटी सगळ्या मजकुराच्या बेरजेचा एक बाइट. एकूण १३२. घेणाऱ्याने बेरीज पडताळायची. जुळली तर ‘मिळाला’ आणि चुकली तर ‘पुन्हा पाठव’ असं एका बाइटात कळवायचं. सगळे तुकडे गेले की ‘संपलं’ असा वेगळा निरोप. सेकंदाला ३०० बिट नेणाऱ्या त्या काळच्या मोडेमवर असा एक तुकडा पोचायला साधारण साडेचार सेकंद लागत. तार खरखरली तर नुकसान व्हायचं ते साडेचार सेकंदांचं.

मग १२८ च का? क्रिस्टेन्सन वापरत होते त्या सीपी/एम या प्रणालीत फ्लॉपीवरचा एक सेक्टर १२८ बाइटचा होता. तुकड्याचा आकार तारेच्या स्वभावावरून ठरला नव्हता, फ्लॉपीवरून ठरला होता. मोडेम वेगवान झाले तसा हा आकार आखूड पडू लागला, कारण प्रत्येक तुकड्यानंतर पलीकडच्या उत्तराची वाट बघण्यातच वेळ जाऊ लागला. म्हणून वायमोडेममध्ये १०२४ बाइटचे तुकडे आले. १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांनी झेडमोडेम लिहिलं. ते प्रत्येक तुकड्याला उत्तर मिळेपर्यंत थांबत नसे आणि तुटलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे नेत असे.

म्हणजे वेबच्या पाच वर्षं आधी हे जमलेलं होतं. वेबने हा वारसा उचलला नाही, कारण बर्नर्स-ली यांच्यापुढे अवजड फाइल वाहून नेण्याचं काम नव्हतंच. कागदपत्रं एकमेकांना जोडायची होती, आणि त्यासाठी नियम जितका साधा तितका तो लवकर पसरणार होता. तो पसरलाही. पण पुढे त्याच नियमावरून सॉफ्टवेअर, गाणी, पुस्तकं आणि सिनेमे न्यायची वेळ आली.

पहिली दुरुस्ती लांबी सांगण्याची. मे १९९६ मध्ये वेबचा हा नियम एचटीटीपी १.० या नावाने लिखित स्वरूपात आला, तोवर सर्व्हर मजकुराआधी ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये फाइल किती बाइटची आहे ते सांगू लागले होते. तेवढे बाइट आले नाहीत तर फाइल अपुरी, हे आता कळू लागलं. पण ही लांबी सांगता यायची ती डिस्कवर तयार पडलेल्या फाइलची. एखादा प्रोग्राम पान जागच्या जागी तयार करत असेल, डेटाबेसमधून ओळी काढत असेल, तर शेवटची ओळ निघेपर्यंत लांबी सर्व्हरलाच माहीत नसे. मग तो लांबी सांगायचीच सोडून देई आणि शेवटी जोडणी तोडे. पुन्हा जुनाच घोळ.

त्यात आणखी एक अडचण होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोत भरलेल्या दुसऱ्या वेब परिषदेत वेंकट पद्मनाभन आणि जेफ मोगल यांनी एक निबंध मांडला. पद्मनाभन बर्कलीत संशोधन करत होते, मोगल डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत होते. एका पानावरच्या प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी उघडायची आणि काम झालं की तोडायची, यात वेळ कसा वाया जातो हे त्यांनी मोजून दाखवलं. एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यावरून अनेक गोष्टी मागवा, असा त्यांचा आग्रह होता. तो रास्त होता, पण जोडणी उघडीच राहणार असेल तर एक गोष्ट संपून दुसरी कुठे सुरू झाली हे कळायला हवं. जोडणी तोडणं हीच ज्या नियमातली शेवटची खूण, तिथे हे कसं करायचं?

याचं उत्तर जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ मध्ये आलं. रॉय फील्डिंग, जिम गेटिस, जेफ मोगल, हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन आणि टिम बर्नर्स-ली अशी पाच नावं त्या दस्तऐवजावर आहेत. लांबी ठाऊक नसेल तर सर्व्हरने मजकूर तुकड्यांत पाठवावा, ही तिथली तजवीज. प्रत्येक तुकड्याच्या आधी एका ओळीत त्याची लांबी, सोळाच्या पायावर मोजलेली. ओळीत ४०० असं आलं तर पुढे १०२४ बाइट मजकूर आहे. पुढच्या ओळीत २००० आलं तर आणखी ८१९२ बाइट. असं करत शेवटी एका ओळीत नुसतं शून्य, म्हणजे संपलं. शून्य येण्याआधी लाइन तुटली तर घेणाऱ्याला कळतं की फाइल अपुरी आहे. क्रिस्टेन्सन यांच्या ‘संपलं’ या निरोपाला वेबवर जागा मिळायला वीस वर्षं लागली.

या पद्धतीत तुकडा केवढा असावा हे सर्वस्वी सर्व्हर ठरवतो. मला ६४ केबीचे तुकडे पाठव, असं म्हणायची मुभा ब्राउझरला नाही. इतकंच कशाला, मधला एखादा प्रॉक्सी सर्व्हर ते तुकडे एकत्र करून वेगळ्या मापाने पुन्हा पाडू शकतो, आणि त्याने नियम मोडत नाही. घेणाऱ्याने त्या सीमारेषांना काही अर्थच द्यायचा नसतो. ही सोय पाठवणाऱ्यासाठी आहे: सगळा मजकूर तयार होईपर्यंत तो स्मृतीत साठवून ठेवावा लागू नये, एवढ्यासाठी.

घेणाऱ्याच्या हातातला तुकडा दुसऱ्या वाटेने आला आणि त्या वाटेवर पीडीएफ उभं होतं. शेकडो पानांचं पुस्तक पीडीएफमध्ये असेल आणि वाचकाला पान १८० हवं असेल, तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत त्याने का थांबावं? अडोबीने १९९६ च्या अक्रोबॅट ३ मध्ये फाइलची मांडणीच बदलली. पहिलं पान सर्वांत आधी, आणि कुठलं पान कितव्या बाइटपासून आहे याची सूची सुरुवातीलाच. पण सूची हाती असून उपयोग काय, जर सर्व्हरकडे फाइलचा मधलाच भाग मागता येत नसेल?

तो मागायची पद्धत आरी लुओटोनेन आणि जॉन फ्रँक्स यांनी सुचवली. लुओटोनेन आधी सर्नमध्ये वेब सर्व्हरवर काम करत आणि मग ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपमध्ये गेले. फ्रँक्स हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी स्वतःचा एक वेब सर्व्हर लिहिला होता. त्यांच्या पहिल्या मसुद्यात बाइटांची हद्द पत्त्यातच, म्हणजे यूआरएलच्या शेपटाला लिहायची होती. पुढच्या मसुद्यात ती ‘रिक्वेस्ट-रेंज’ या हेडरमध्ये गेली आणि नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत तशीच वापरात आली. अखेर एचटीटीपी १.१ मध्ये नाव नुसतं ‘रेंज’ राहिलं. अपाची सर्व्हरच्या कोडमध्ये त्या मधल्या मसुद्यासाठीची सोय पुढे कित्येक वर्षं टिकून होती.

रेंजची मागणी अशी दिसते: ‘बाइट्स=०-४९९’. ही पहिल्या ५०० बाइटांची मागणी आहे, ४९९ ची नव्हे, कारण मोजणी शून्यापासून होते आणि दोन्ही टोकं धरली जातात. ‘बाइट्स=-५००’ म्हटलं तर शेवटचे ५००. सर्व्हरला हे जमत असेल तर तो नेहमीच्या २०० ऐवजी २०६ हा क्रमांक देतो आणि एकूण फाइल केवढी, त्यातला कुठला भाग दिला, हेही सांगतो. मागितलेली हद्द फाइलच्या पलीकडची असेल तर ४१६. एक अवघड शक्यताही या लोकांनी हेरली होती. अर्धी फाइल काल आली आणि मूळ फाइल आज बदलली तर? दोन वेगळ्या फाइलींचे अर्धे-अर्धे भाग जोडून बिघडलेली तिसरीच तयार होईल. म्हणून ‘इफ-रेंज’ आलं: फाइलची ओळखखूण तीच असेल तरच उरलेला भाग दे, नाहीतर सगळी नव्याने दे. मला या सगळ्या रचनेतला हा भाग सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. पुढच्या अडचणीची कल्पना घटना घडण्याआधी कागदावर उतरली होती.

अशा रीतीने एकाच दस्तऐवजात दोन निरनिराळे तुकडे जन्माला आले. एक देणाऱ्याच्या हातातला, एक घेणाऱ्याच्या. दोघांची गल्लत तेव्हापासून आजतागायत होत आली आहे.

रेंजच्या सोयीची खरी गरज भासली ती टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट वापरणाऱ्यांना. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. निगमचं मुख्यालय मुंबईत, फोर्टातल्या विदेश संचार भवनात होतं, आणि सुरुवातीच्या मोजक्या शहरांत मुंबई होती. २८.८ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला साडेतीन केबीच्या आसपास येत. दहा एमबीची फाइल म्हणजे पाऊण तासाहून जास्त. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, आणि बिल चालू. आतल्या खोलीतल्या एक्स्टेन्शनचा रिसीव्हर कुणी सहज उचलला की जोडणी गेली. नऊ एमबी आले असतील तर तेही गेले. सर्व्हरला रेंज कळत नसेल, तर पहिले पाढे पंचावन्न.

अशा लोकांसाठीच नव्या साधनांची एक पिढी उभी राहिली. क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांनी १९९६ मध्ये डब्ल्यूगेट लिहिलं. ते मुळात संथ आणि बेभरवशाच्या जोडण्या डोळ्यांपुढे ठेवूनच बांधलेलं होतं: लाइन गेली की पुन्हा प्रयत्न करायचा आणि जिथे थांबलो तिथून पुढे मागायचं. १९९८ मध्ये स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं कर्ल आलं. विंडोज वापरणाऱ्यांकडे गेटराइट, फ्लॅशगेट, डाउनलोड ॲक्सिलरेटर प्लस आणि इंटरनेट डाउनलोड मॅनेजर पोचले. मोठी फाइल लावताना लोक आधी ‘रिझ्यूम’ जमतं की नाही ते बघत. सर्व्हर रेंजला राजी आहे की नाही, याचा तो निकाल असे.

रेंजचा दुसरा उपयोगही याच मंडळींनी शोधला. फाइलचा मधला भाग मागता येतो, तर चार भाग चार जोडण्यांवरून एकदम का मागू नयेत? सर्व्हरच्या बाजूला गर्दी असली की फाइल खरोखर लवकर उतरे. याचं कारण टीसीपीच्या, म्हणजे जोडणीवरून डेटा पोचवणाऱ्या इंटरनेटच्या मूळ नियमाच्या, स्वभावात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. दोन्ही ठिकाणांत अंतर होतं फक्त चारशे यार्डांचं. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: प्रत्येक जोडणीने सावकाश वेग वाढवायचा आणि डेटा हरवल्याची चाहूल लागताच मागे हटायचं. त्यामुळे गर्दीच्या वाटेवर प्रत्येक जोडणीला साधारण सारखा वाटा मिळतो. वाटा जोडणीमागे असतो, माणसामागे नव्हे. आठ जोडण्या उघडणारा आठ वाटे घेऊन जातो आणि एकच उघडणारा मागे राहतो.

एका ग्राहकाने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत, असं एचटीटीपी १.१ मध्ये लिहिलेलं होतं. डाउनलोड मॅनेजरांनी ते मानलं नाही, पुढे ब्राउझरही सहा-सहा जोडण्या उघडू लागले, आणि २०१४ च्या आवृत्तीत ती मर्यादा काढून टाकण्यात आली. फुकट सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कित्येक सर्व्हरांनी मात्र आपापल्या पातळीवर ती लावून ठेवली. त्यांची बाजू योग्य होती, असं आजही वाटतं. दान देणाऱ्याकडून एकाने आठ हातांनी घ्यावं, हा नियमाचा नव्हे तर रीतीचा प्रश्न होता.

तुकड्याचा आकार दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोजायचा, यात धोकाही होता. तो उघडा पडायला वेळ लागला नाही. जून २००२ मध्ये अपाचीमध्ये एक दोष जाहीर झाला. तुकड्याची लांबी सांगणारा आकडा वाजवीपेक्षा मोठा दिला, तर सर्व्हरच्या हिशेबात तो ऋण होई आणि स्मृतीतली भलतीच जागा लिहिली जाई. त्याच महिन्यात फ्रीबीएसडी या प्रणालीवरच्या अपाचींमध्ये शिरणारा स्कॅल्पर नावाचा वर्म फिरू लागला.

रेंजचं प्रकरण त्याहून गाजलं. अनेक भाग एकदम मागायची मुभा १९९७ पासून होती, आणि ते भाग एकमेकांवर येऊ नयेत असं कुणी म्हटलेलं नव्हतं. यातून सर्व्हर गुदमरवता येईल, हे पोलिश सुरक्षा-संशोधक मिखाल झालेव्स्की यांनी २००७ मध्ये सांगून ठेवलं होतं. लक्ष कुणी दिलं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये एक छोटा प्रोग्राम जाहीर झाला. त्याच्या एकाच मागणीत रेंज अशी होती: शून्यापासून शेवटपर्यंत, मग ५ ते ०, ५ ते १, ५ ते २, असं करत ५ ते १२९९ पर्यंत. तेराशे तुकडे, बहुतेक सगळे एकमेकांवर चढलेले. अपाची बिचारा प्रत्येकाची वेगळी तजवीज करायला बसे, आणि अशा थोड्याच मागण्यांत त्याची स्मृती संपून जाई. त्या काळी जगातल्या बहुसंख्य साइट अपाचीवर चालत. ३० ऑगस्टला दुरुस्त आवृत्ती आली. पुढे एका मागणीत २०० पेक्षा जास्त रेंज आल्या तर त्या धुडकावून सरळ पूर्ण फाइल देण्याची मर्यादा बसली.

एप्रिल २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची पाळी आली. विंडोज सर्व्हरला रेंजच्या शेवटच्या टोकाला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा दिला की मशीन निळा पडदा दाखवून बंद पडे. चौसष्ट बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. रेंजची दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून लांबी काढताना एक मिळवावा लागतो, आणि या आकड्यात एक मिळवला की शून्य होतं. विंडोजमध्ये ही आकडेमोड प्रणालीच्या अगदी गाभ्यात चालत असल्याने तिच्यासोबत अख्खं मशीन कोसळे.

दरम्यान तुकड्यांना भलताच मोठा आश्रयदाता मिळाला होता: व्हिडिओ. जून २००९ मध्ये ॲपलने आयफोनच्या तिसऱ्या प्रणालीबरोबर एचएलएस आणलं. चित्रफीत दहा-दहा सेकंदांच्या फाइलींत कापायची, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत तयार ठेवायचा आणि यादी फोनला द्यायची. फोन एकेक तुकडा साध्या एचटीटीपीवरून मागतो आणि मागचा तुकडा किती वेळात आला यावरून पुढचा कुठल्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. पुढे हेच तुकडे वेगळ्या फाइलींत न ठेवता एका मोठ्या फाइलीतून रेंजने मागायचीही सोय झाली. इथे कापण्याचं काम देणाऱ्याचं आणि निवड घेणाऱ्याची. कर्जत-लोणावळा घाटात रेल्वेच्या वाटेवर बोगद्यामागून बोगदा येतो, तरी मोबाइलवरचा सामना अडखळत का होईना चालू राहतो, तो या विभागणीमुळे.

तुकडा लांब ठेवला तर थेट प्रक्षेपण मागे पडतं. आखूड ठेवला तर मागण्यांची संख्या वाढते. ॲपलने पुढे दहाऐवजी सहा सेकंदांची शिफारस केली. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, मुंबईतून सुरू झालेल्या हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाने सहा सेकंदांचा तुकडा मागितला असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ९८ लाख मागण्या. तुकडा दोन सेकंदांचा केला तर जवळपास तीन कोटी. शेजारच्या घरातला ‘आउट’चा आरडाओरडा आपल्या पडद्याआधी का ऐकू येतो, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे.

मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं आणि त्याने १९९७ चा पहिला तुकडा काढून टाकला. सोळाच्या पायावरच्या त्या ओळी वापरायला तिथे मनाई आहे. सगळीच वाहतूक आता फ्रेममध्ये जाते, आणि कुणी वेगळं ठरवलं नाही तर एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १६,३८४ बाइट. देणाऱ्याच्या तुकड्यांबाबत घेणाऱ्याला यात पहिल्यांदाच थोडं बोलता आलं: किती मोठी फ्रेम मी घेईन आणि किती डेटा एका दमात पाठव, हे तो सांगू शकतो. रेंज मात्र जशीच्या तशी राहिली, २०२२ च्या एचटीटीपी ३ मध्येही.

तिला उलट नवं काम मिळालं. उपग्रहांनी टिपलेली चित्रं कित्येक जीबींची असतात आणि अभ्यासकाला त्यातला एखादा तालुका हवा असतो. भूगोलाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वत्र वापरलं जाणारं जीडाल आधी १६ केबीचा तुकडा मागून फाइलची सूची वाचतं आणि मग नेमके हवे ते भाग आणतं. अक्रोबॅट ३ मध्ये पुस्तकाच्या पानांसाठी केलेली युक्ती आता जमिनीच्या नकाशांसाठी चालते.

प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणांचा गोंधळ मात्र तिसऱ्याच ठिकाणी होतो. पायथनच्या लोकप्रिय रिक्वेस्ट्स लायब्ररीत ‘चंक साइझ’ म्हणून एक आकडा देता येतो. ८१९२ लिहिला की सर्व्हर ८१९२ बाइटांचे तुकडे पाठवेल, असा समज पुष्कळांचा असतो. तो आकडा तारेवर जातच नाही. आलेला डेटा आपल्या स्मृतीतून किती-किती घेऊन डिस्कवर लिहायचा, एवढंच तो ठरवतो. काहीच दिलं नाही तर तिथे एक बाइट धरला जातो, आणि मोठी फाइल बाइट-बाइट लिहीत रांगत राहते. स्मृती वाचवायची असेल तर हा आकडा नीट ठेवावा. जोडणी तुटण्याची भीती असेल तर रेंजने आठ-दहा एमबीचे भाग मागावेत, म्हणजे तुटलं तरी नुकसान तेवढंच. सर्व्हरच्या स्वतःच्या तुकड्यांवर मात्र ग्राहकाचा अधिकार १९९७ मध्ये नव्हता आणि फ्रेमची कमाल मर्यादा सांगण्यापलीकडे आजही नाही.

उलट दिशेचं काम अजून अपुरं आहे. डाउनलोड तुटलं तर पुढे चालू करायचा सर्वमान्य नियम १९९७ पासून आहे, पण अपलोडसाठी तसा नव्हता. त्यामुळे प्रत्येकाने आपली वाट काढली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१० मध्ये एस३ या आपल्या साठवण-सेवेसाठी मोठी फाइल भागांत चढवायची सोय केली: भाग किमान पाच एमबीचा, शेवटचा सोडून, आणि भाग जास्तीत जास्त १०,०००. गूगलने २५६ केबीच्या पटीत मोजायची स्वतःची पद्धत ठेवली. २०१३ पासून टस नावाचा खुला नियम काही जण वापरतात. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफमध्ये या सगळ्यांना एका सूत्रात आणणारा मसुदा तयार झाला आहे. अपलोड मध्येच तुटलं तर चिंता नको, पुढे चालू करता येईल, असं सर्व्हरने सुरुवातीलाच कळवावं म्हणून त्यात १०४ हा नवा क्रमांक सुचवलेला आहे.